वऱ्हाडची युवराज्ञी : इस्तंबूलची लेक, हैदराबादची सून

भाद्रपद आला की आपल्या मंडपात गणराय येतात आणि त्यांच्या मागेपुढे १७ सप्टेंबरही येतो. शेजारच्या मराठवाड्यात त्या दिवशी मुक्तिसंग्राम दिन म्हणून झेंडावंदन होते. अलीकडे आपल्या जिल्ह्यात त्या दिवसाचे नाव सरकारगणिक बदलत आले आहे. नाव कोणतेही असो, जुन्या मराठी घरांत त्या दिवशी एखादे वयस्कर माणूस रझाकारांच्या दिवसांची गोष्ट काढतेच. आमच्याही घरात ती निघत असे.

म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही निवडलेला विषय पाहून काही वडीलधारी मंडळी रागावतील, याची आम्हाला कल्पना आहे. शेवटच्या निजामाच्या थोरल्या सुनेचा आणि तिच्या माहेर-सासरचा हा इतिहास आहे. आम्ही काही इतिहासाचे प्राध्यापक नव्हे. डिप्लोमा करून सरकारी खात्यात लागलो, रस्ते आणि पूल मोजण्यात नोकरीची वीस वर्षे गेली. वाचनाची आवड तेवढी आहे. पण या बाईंची आणि त्यांच्या धाकट्या जावेची गोष्ट वाचायला आम्हाला एक घरगुती कारण घडले. ते पुढे येईलच. आधी गोष्ट.

खलिफाची मुलगी

२६ जानेवारी १९१४ रोजी इस्तंबूल शहराच्या उस्कुदार भागात दुर्रुशेहवार यांचा जन्म झाला. ‘दुर्र’ म्हणजे मोती आणि ‘शेहवार’ म्हणजे राजाला शोभेल असा. वडील अब्दुलमजीद हे उस्मानी घराण्यातले शहजादे. याच घराण्याने सहाशे वर्षे राज्य केले आणि एके काळी त्याची फौज युरोपात व्हिएन्नाच्या वेशीपर्यंत जाऊन आली होती. मात्र मुलगी जन्मली त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले आणि त्या युद्धात हे साम्राज्य कोसळले.

नोव्हेंबर १९२२ मध्ये तुर्कस्तानच्या राष्ट्रीय सभेने सुलतानपद रद्द केले. शेवटचा सुलतान देश सोडून गेला. खलिफा हे धर्मप्रमुखाचे पद तेवढे शिल्लक ठेवून त्यावर अब्दुलमजीद यांना बसवले. ते मोठे सुसंस्कृत गृहस्थ होते, उत्तम चित्रकार होते. जनानखान्यात बीथोव्हेनचे संगीत वाजवणाऱ्या स्त्रियांचे त्यांनी काढलेले चित्र आजही नावाजले जाते. पण ३ मार्च १९२४ रोजी मुस्तफा केमाल यांच्या सरकारने खलिफापदही मोडीत काढले आणि उस्मानी घराण्यातल्या सगळ्यांना देशाबाहेर काढले. दोलमाबाचे राजवाड्यातून या कुटुंबाला पहाटे मोटारींत बसवून शहराबाहेरच्या स्टेशनावर नेले आणि तिथून युरोपच्या गाडीत चढवले. तेव्हा दुर्रुशेहवार दहा वर्षांच्या होत्या.

आधी स्वित्झर्लंड आणि मग फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचे नीस हे गाव. राजवाडा गेला, पैसा संपत आला. आपल्याकडे याच खिलाफतीसाठी गांधीजी आणि अलीबंधूंनी केवढे आंदोलन उभे केले होते! शौकत अलींनी शब्द टाकला आणि हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी या पदच्युत खलिफाला महिना ३०० पौंडांचे वेतन बांधून दिले. आपल्या राज्यातल्या रयतेच्या सारापट्टीतून जमलेला पैसा नीसमधल्या एका बंगल्याची चूल पेटती ठेवू लागला.

दोन भाऊ, दोन बहिणी

राजघराण्यांत सोयरीक म्हणजे राजकारण, हे आपल्याला नवे नाही. शिवाजी महाराजांनी शिर्क्यांच्या येसूबाईंना सून करून घेतले आणि आपली लेक शिर्क्यांच्या घरी दिली. ते साटेलोटे कोकणच्या राजकारणासाठीच होते. निजामाचा हिशेब त्याहून दूरवरचा होता. जगातल्या सर्वात श्रीमंत माणसांत त्याची गणना होत होती. त्याला पैसा कमी नव्हता, कमी होती ती प्रतिष्ठा. खलिफाच्या घरची मुलगी सून म्हणून आली तर होणाऱ्या नातवात दोन्ही घराण्यांचे रक्त येणार आणि मुसलमानी जगात हैदराबादचे नाव उंचावणार. इंग्रज सरकारचे या सोयरिकीवर बारीक लक्ष होते ते उगीच नाही.

१२ नोव्हेंबर १९३१ रोजी नीसमध्ये दोन निकाह झाले. निजामाचे थोरले पुत्र आझम जाह यांचा दुर्रुशेहवार यांच्याशी आणि धाकटे मोअज्जम जाह यांचा निलोफर यांच्याशी. निलोफर याही उस्मानी घराण्याच्याच, सुलतान पाचवा मुराद याच्या वंशातल्या. लहानपणीच वडील वारलेले, आई मुलीला घेऊन परदेशात दिवस काढत होती. निलोफर म्हणजे पाण्यातले कमळ. आपल्या ‘नीलोत्पल’ शब्दाचाच तो फारसी वेष. एक सतरा वर्षांची, दुसरी पंधरा संपून सोळाव्यात निघालेली.

डिसेंबरात ‘पिल्स्ना’ नावाच्या बोटीने वऱ्हाड व्हेनिसहून मुंबईला निघाले. पुढे ब्रिंदिसी बंदरात त्याच बोटीत दुसऱ्या गोलमेज परिषदेहून रिकाम्या हाताने परतणारे महात्मा गांधी चढले. पंचा नेसलेला तो म्हातारा आणि मोत्यांनी मढलेल्या दोन नववधू, सगळे एकाच बोटीत! २८ डिसेंबरला बोट मुंबईला लागली. पुढच्या दोन तारखा आम्ही वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवल्या आहेत. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईत गांधीजींना अटक होऊन त्यांची रवानगी येरवड्याला झाली. त्याच ४ जानेवारीला हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात नव्या सुनांच्या स्वागताची शाही मेजवानी झाली. निलोफर यांचा तो सोळावा वाढदिवस होता.

पदवी वऱ्हाडची, वऱ्हाड इंग्रजांचे

थोरल्या जोडप्याचा संसार बेला व्हिस्टा या वाड्यात सुरू झाला. हैदराबादला राजभवनच्या रस्त्याने जाताना अॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजचे फाटक लागते, तीच ही जागा. दुर्रुशेहवार उंच, करारी, फ्रेंच आणि इंग्रजीत पारंगत. इथे येऊन त्या उर्दू शिकल्या, साडी नेसू लागल्या. परदा त्यांनी पाळला नाही. सेसिल बीटन या नामवंत इंग्रज छायाचित्रकाराने काढलेली त्यांची छायाचित्रे जगभर गेली.

१९३६ साली इंग्रज सरकार आणि निजाम यांच्यात करार होऊन निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. अर्थात दुर्रुशेहवार झाल्या ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’, म्हणजे वऱ्हाडच्या युवराज्ञी! आता गंमत पाहा. वऱ्हाड निजामाचे खरे, पण फौजेच्या खर्चापोटी १८५३ मध्ये ते कंपनीने आपल्या ताब्यात घेतले आणि १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचे भाड्याने लिहून घेतले. कापसाची ती काळी जमीन, जिला आपण वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड म्हणतो, पुन्हा निजामाच्या हाती लागली नाही. जमिनीच्या बदल्यात नाव मिळाले. इस्तंबूलमध्ये जन्मलेली, नीसमध्ये वाढलेली बाई अमरावती-यवतमाळच्या नावाने ओळखली जाऊ लागली. आमच्या सौ. पांढरकवड्याच्या. त्यांना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मग खरी वऱ्हाडची राजकन्या मीच की!” पदवी बाजूला ठेवली तर त्यांचे म्हणणे खोडता येत नाही.

त्याच काळातले आमचे घर

वाड्यात ही रोषणाई होती तेव्हा आपला जिल्हा कसा होता? किनवट आणि राजुरा तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते पलीकडे गेले आणि आपण अलीकडे राहिलो. जंगलपट्टीत राजगोंडांवर जंगलखाते आणि महसूलवाले यांचा जुलूम चालला होता. १९४० साली कोमराम भीम यांनी जोडेघाटला जल, जंगल आणि जमिनीसाठी प्राण दिले. १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठात ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल मुले काढून टाकली गेली. मराठी शिकायची तर शाळा मिळणे मुश्कील होते. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखी माणसे तुरुंगात जात होती.

आमचे आजोबा पैनगंगेच्या काठच्या एका खेड्यात शेती करत. १९४८ च्या पावसाळ्यात रझाकार येत असल्याची आवई उठली आणि गाव रात्रीतून नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात गेला. आजी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. पलीकडच्या एका गोठ्यात ती बाळंत झाली. मुलगी झाली आणि दुसऱ्या दिवशी गेली. डॉक्टर नव्हता, सुईणही ओळखीची नव्हती. भारतीय फौजेने १३ सप्टेंबरला कारवाई सुरू केली, १७ ला निजामाने शरणागती पत्करली आणि आजोबा-आजी परत आले. ते दोघेच. आमचे वडील त्यानंतर चार वर्षांनी जन्मले. ‘निजाम’ हा शब्द उच्चारताना आजोबा शेवटपर्यंत बाजूला थुंकत.

निलोफर यांचा दवाखाना

निलोफर यांना मूल झाले नाही. युरोपात जाऊन उपचार केले, उपयोग झाला नाही. १९४९ मध्ये त्यांच्या रफतुन्निसा नावाच्या दासीचा बाळंतपणात मृत्यू झाला. राजवाड्यातल्या दासीची ही गत, तर बाहेरच्या बायकांचे काय, हा विचार निलोफर यांच्या मनात घर करून बसला. बायका आणि मुले यांच्यासाठी स्वतंत्र दवाखाना हवा, असा त्यांनी सासऱ्यांकडे आग्रह धरला. १९५३ साली हैदराबादच्या रेड हिल्स भागात तो सुरू झाला. त्याच्या आधल्याच वर्षी, १९५२ मध्ये, निलोफर यांचा घटस्फोट झाला होता. त्या पॅरिसला गेल्या, पुढे त्यांनी पुन्हा लग्न केले आणि १९८९ मध्ये तिथेच वारल्या. दवाखाना मात्र त्यांचेच नाव लावून उभा राहिला.

आता ते घरगुती कारण. २००९ साली आमची मुलगी साडेसात महिन्यांतच जन्मली. वजन तेराशे ग्रॅम. इथल्या डॉक्टरांनी हात जोडून सांगितले, “निलोफरला घेऊन जा, वेळ घालवू नका.” रात्री ॲम्ब्युलन्स निघाली. निर्मल, आर्मूर, कामारेड्डी, तीनशे किलोमीटरचा रस्ता. या रस्त्याचा कुठला तुकडा कोणत्या साली रुंद झाला हे आम्ही एरवी झोपेतही सांगू, पण त्या रात्री एक मैलाचा दगड दिसला नाही. एकोणीस दिवस आम्ही त्या आवारात काढले. आसपास सगळीकडची माणसे होती. उटनूरचे गोंड, महबूबनगरचे तेलुगू, जुन्या शहरातल्या बुरखेवाल्या बायका, आमच्यासारखे मराठी. एका नांदेडच्या आजीबाईंनी आमच्या सौ.ना घरून आणलेले डिंकाचे लाडू खाऊ घातले. विसाव्या दिवशी मुलगी घेऊन आम्ही घरी आलो. ती यंदा दहावीला आहे.

आजी तेव्हा ऐंशीच्या घरात होती. पणतीला मांडीवर घेऊन तिने विचारले, “हे निलोफर कोन व्हय रे बाबू?” आम्ही तेव्हा जेवढे ठाऊक होते तेवढे सांगितले. निजामाची सून, तिची दासी बाळंतपणात गेली, म्हणून दवाखाना. आजी बराच वेळ पोरीच्या टाळूला तेल चोळत राहिली. मग म्हणाली, “राजाच्या वाड्यातली बाई मेली तवा त्याहीले दवाखाना सुचला. आपल्या घरची मेली तवा कोनाले सुचलं?” आम्ही गप्प बसलो. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “पन तिले सुचलं तरी. दुसऱ्या कोनाले तेवढंबी नाही सुचलं.”

गोठ्यात गेलेल्या त्या मुलीबद्दल आजी आमच्यासमोर बोलली ती एवढेच. त्या दिवसापासून आम्ही या दोन जावांबद्दल मिळेल ते वाचू लागलो.

राणी न झालेली युवराज्ञी

दुर्रुशेहवार यांना दोन मुलगे झाले. थोरले मुकर्रम जाह १९३३ मध्ये नीसला आजोळी जन्मले, धाकटे मुफ्फखम जाह १९३९ मध्ये. मुलांच्या शिक्षणावर आईचे कडक लक्ष होते. मुकर्रम जाह डेहराडूनच्या दून स्कूलमध्ये, पुढे इंग्लंडमध्ये हॅरो आणि केंब्रिजला शिकले. नवरा-बायकोचे मात्र पटले नाही. आझम जाह यांची उधळपट्टी सासऱ्यांनाही पटत नव्हती. शेवटी निजामाने थोरल्या मुलाला बाजूला सारून नातवाला वारस नेमले. २४ फेब्रुवारी १९६७ रोजी उस्मान अली खान वारले आणि निजामाची पदवी मुकर्रम जाह यांच्याकडे गेली. अशा रीतीने दुर्रुशेहवार युवराज्ञी राहिल्या, राजमाता झाल्या, पण राणी कधी झाल्याच नाहीत. १९७१ मध्ये तनखे आणि पदव्याही संपल्या. मुकर्रम जाह ऑस्ट्रेलियात मेंढ्या पाळायला गेले, उतारवयात तुर्कस्तानात राहिले आणि जानेवारी २०२३ मध्ये इस्तंबूलमध्ये वारले. त्यांना हैदराबादला आणून मक्का मशिदीत दफन केले, तेव्हा रांगेत उभी राहिलेली गर्दी आपण टीव्हीवर पाहिली आहे. आई इस्तंबूलहून हैदराबादला आली होती, मुलगा तोच प्रवास मेल्यावर करून आला.

त्यांच्या वडिलांची कथा तर आपल्या मराठवाड्यात येऊन अर्धवट राहिली. अब्दुलमजीद ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिसला वारले. त्यांना मायभूमीत पुरावे म्हणून मुलीने खूप खटपट केली, पण तुर्की सरकारने नकार दिला. दहा वर्षे त्यांचे शव पॅरिसच्या मशिदीत ठेवलेले होते. १९५४ मध्ये मदिनेला दफन झाले. आणि त्यांच्यासाठी निजामाने तुर्की धाटणीची एक कबर बांधवली होती ती कुठे? खुलदाबादच्या परिसरात! जिथे औरंगजेब आणि पहिला निजाम विसावले आहेत, तिथेच शेवटच्या खलिफासाठी जागा करून ठेवली होती. १९४८ मध्ये निजामाचे राज्यच गेले, ती कबर रिकामी राहिली. वेरूळला जाणारे आपले किती तरी लोक तिच्या जवळून जातात, पण कुणाला पत्ता नसतो.

दुर्रुशेहवार पुढे लंडनला स्थायिक झाल्या. हैदराबादशी संबंध तोडला नाही. पुरानी हवेलीत त्यांच्या नावाचा मुलांचा दवाखाना आजही चालतो. ७ फेब्रुवारी २००६ रोजी लंडनमध्ये त्या वारल्या, वय ९२. वडिलांना जागा न देणाऱ्या मायदेशात त्या विसावल्या नाहीत. त्यांना इंग्लंडमधल्या ब्रुकवुडच्या दफनभूमीत पुरले आहे.

हिशेब

राज्य म्हणून निजामशाहीचा हिशेब आमच्या आजोबांनी मांडला तोच आम्हाला मान्य आहे. जोडेघाट विसरून आणि पैनगंगा ओलांडणारी ती रात्र विसरून मोत्यांच्या कथा सांगणे म्हणजे पूर्वजांशी बेइमानी. पण एखाद्या घराण्याचा हिशेब त्या घरात दिलेल्या मुलींच्या माथी मारू नये, हे आमच्या आजीने शिकवले. दहाव्या वर्षी घर गेले, सतराव्या वर्षी अनोळखी देशात सासर मिळाले, पदवीतला मुलूख दुसऱ्याचा, बापाला माती मिळेना. मोती काढून ठेवले तर ही गोष्ट आपल्या जात्यावरच्या ओव्यांतल्या सासुरवाशिणीपेक्षा फार वेगळी उरत नाही.

आपल्या घरांतून अजूनही ऐंशी-नव्वदीच्या आज्या आहेत. १९४८ ला कोण नदीपलीकडे गेले, कोण परतले, कोण परतले नाही, हे त्यांनाच ठाऊक आहे. ते कुठल्या पुस्तकात छापलेले नाही. यंदा आरती झाल्यावर त्यांच्याजवळ थोडे बसा, विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आमच्या आजीला तिच्या त्या मुलीचे नाव काय ठेवायचे होते, हे आम्ही विचारायचे राहून गेले. आजी २०१२ मध्ये गेली.

गणराय सर्वांच्या लेकीबाळींना सुखरूप ठेवोत, ही प्रार्थना.